ओयींचा काढता पाय

९ सप्टेंबर

आजपासून वही लिहायची, कारण ह्या गावात तोंडाने सरळ काही बोलायची सोय नाही. मर्गिलानमध्ये लग्न होऊन आले त्याला तीन वर्षं झाली. माझं माहेर खोरेज्मचं, वाळवंटाच्या काठचं. आमच्याकडे पाहुणा नको असला तर "आज जमणार नाही, उद्या ये" असं कुंपणावरून ओरडून सांगतात आणि तोही "बरं" म्हणून जातो. इथे पाळण्यातल्या पोरालासुद्धा अहोजाहो. परवा माझी नणंद मुहय्यो मांजराला ओसरीवरून हाकलत होती, तर म्हणते कशी, "जाता का आपण?"

मीही आता चारचौघांत नवऱ्याला अहोजाहो करते. वहीत मात्र तो ओदिलच.

आज दुपारी सासूबाईंबरोबर बाजारातून येत होते. त्यांना सगळे ओयी म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणते. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईने आम्हाला गाठलं. तिच्या भावाचं आणि शेजाऱ्याचं भिंतीवरून भांडण आहे, आणि ती भिंत आम्ही दर आठवड्याला पहिल्या विटेपासून ऐकतो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मनात म्हटलं, झालं, आता संध्याकाळ इथेच.

ओयींनी तिचं एक वाक्य पुरं ऐकलं. मग एकदम कळवळून तिचा हात धरला. "अगंबाई, तुमचा आवाज बसलाय! आणि मी तुम्हाला वाऱ्यात उभं करून बोलायला लावतेय. माझंच चुकलं हो. चला, आधी आत चला." असं म्हणत तिला हाताला धरून तिच्याच घरात नेलं, गळ्याभोवती रुमाल बांधला, गरम दूध प्यायला सांगितलं, आणि दार बाहेरून ओढून घेतलं. आम्ही निघालो तेव्हा ती खिडकीतून आम्हाला दुवा देत होती.

मी विचारलं, "ओयी, खरंच आवाज बसला होता?"

"अजून नव्हता," ओयी म्हणाल्या, "पण बसला असता."

मी तीन वर्षं ह्या बाईंना भित्र्या समजत होते. आज वाटलं, ही तर कला आहे, आणि साधीसुधी नाही.

१३ सप्टेंबर

कला आहे, पण तिचा चटका मलाही बसतो.

आज चार बायका चहाला आल्या होत्या. शिंपीणबाई माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "आणि काय सूनबाई, काही..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओयींचा आवाज आला, "गौहर, लेकी, तळघरातली गाजरं जरा बघून येता का?"

गाजरं मी काल बघितली होती. रविवारीही बघितली होती. घरात चार बायका जमल्या, लग्नाकार्याच्या, बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्या, की मला गाजरं बघायला जावं लागतं. लग्नाला तीन वर्षं होऊनही ह्या घरात पाळणा हललेला नाही, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. म्हणून मला लोकांच्या नजरेआड करायचं. ओयींना माझी लाज वाटते. मला न कळायला मी काही आंधळी नाही.

गाजरं ठीक आहेत.

१८ सप्टेंबर

आज तुर्गुनोय मावशी येऊन गेली. मोहल्ल्यातल्या निम्म्या सोयरिकी हिच्याच तोंडातून जुळतात आणि उरलेल्या निम्म्या हिच्याच तोंडामुळे मोडतात. ओदिल ज्या कारखान्यात रेशमाला रंग द्यायचं काम करतो, त्याच्या मालकाची ही मेहुणी. हातात रंगीत कापडाचं गाठोडं, गाठोड्यात दोन नान. नान घेऊन आलेली बाई चहासाठी आलेली नसते, एवढं मलाही कळतं. मुहय्यो आतल्या खोलीत पळाली आणि मी चहा ओतायला बसले.

"सलोमतखोन," मावशीने ओयींकडे वळून सुरुवात केली, "घरात मुलगी मोठी झाली की आईची झोप उडते, नाही का?"

"झोपेचं विचारूच नका तुर्गुनोयखोन," ओयी म्हणाल्या. "गुडघा झोपू देत नाही."

आणि मग त्या गुडघ्यावरून निघाल्या. गुडघ्यावरून तेलाकडे, तेलावरून तेल विकणाऱ्याकडे, तेलवाल्याचा मुलगा कोरियात गेलाय म्हणून तिथल्या थंडीकडे, आणि थंडीवरून बेहीच्या मुरंब्याकडे. बेहीची फळं बियांसकट शिजवावीत की बिया काढून, ह्यावर त्यांनी असं काही गुऱ्हाळ लावलं की मला त्यांची कीवच आली. वाटलं, वय झालं, भरकटतात बिचाऱ्या. मावशीने तीनदा "आमचा बुन्योद" म्हणून तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तोंडात मुरंबा आला.

शेवटी ओयींनी मला डोळ्याने खुणावलं. मी मावशीचा पेला काठोकाठ भरला. भरलेला पेला म्हणजे "आता निघा", हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशीने तो एका दमात संपवला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. बाई पक्की आहे.

ओयी जराही बावरल्या नाहीत. मायेने पुढे वाकून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं डोकं दुखत होतं ना मागे? मस्तुराखोनचं?"

"हो, पण आता..."

"देव तिला आराम देवो!" आणि ओयींनी दोन्ही तळवे वर उचलले.

एकदा तळवे वर गेले की काय करणार? मावशीनेही उचलले, मीही. ओयींनी तिच्या बहिणीसाठी, मेहुण्यासाठी, त्यांच्या सुखासाठी अशी गोड दुवा मागितली की मावशीचे डोळे पाणावले. मग "ओमीन", तोंडावरून हात, आणि सगळ्या उठल्या. ओमीन झाल्यावर बसून राहणं म्हणजे जेवण झाल्यावर ताट चाटत बसणं. दाराशी जोडे घालताना मावशीच्या ध्यानात आलं. "अहो, पण मी ज्या कामासाठी आले होते..."

"तुम्ही आलात, ह्यातच सगळं आलं," ओयी म्हणाल्या आणि तिचं गाठोडं तिच्या हातात दिलं. त्यात तिच्या दोन नान जशाच्या तशा आणि वर मुरंब्याची बरणी.

दार लागल्यावर मी ओसरीवर बसून पोट धरून हसले. माझ्या मामाला मी कुस्तीत मोठमोठे गडी लोळवताना पाहिलंय, पण पडलेल्या गड्याच्या हातात मुरंबा देताना कुणाला पाहिलं नव्हतं.

एकच चूक झाली त्यांची. नान मोडायच्याच विसरल्या! पाहुण्याने आणलेली नान मोडून आधी त्याच्यापुढे ठेवायची, हा आमच्या माहेरचा पहिला धडा. आता गडबडीत कुणाचंही होतं असं. पुढच्या वेळी मीच लक्ष ठेवीन.

१९ सप्टेंबर

ओदिलशी बोलले तेव्हा प्रकरण केवढं आहे ते कळलं. बुन्योद हा मालकाचा मुलगा. त्याचं एक लग्न झालं होतं. ती मुलगी वर्षाच्या आत माहेरी परत आली. "स्वभाव जुळले नाहीत," असं मालकाकडचे म्हणतात. ती मात्र अजून कुणाशी बोलत नाही, म्हणतात. मुहय्योला फरगान्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे, ऑक्टोबरात जायचंय. तिला बुन्योद नको, ओयींना नको, ओदिलला तर मुळीच नको.

"मग नाही म्हणा ना," मी म्हटलं.

ओदिलने माझ्याकडे पाहिलं. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. "मालकाच्या घरची सोयरीक तोंडावर नाकारायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच कढईपाशी जाऊन उभं राहायचं? असं कुणाचं झालेलं नाही आजवर. आणि आई कुणाला नाही म्हणेल? तिला तो शब्दच येत नाही. जन्मात म्हटलेला नाही."

"मग?"

"मग काय. त्यांना आपणहून कंटाळा येईपर्यंत ती त्यांना मुरंबा देत राहील. त्यांचंही नाक राहील, आपलंही काम राहील."

ओयींनी आपल्या रिश्तोन गावच्या थोरल्या भावाचं नावही पुढे केलंय. त्यांच्या मताशिवाय घरात काही ठरत नाही म्हणे. त्यांना मी लग्नात पाहिलंय. ते कबुतरं पाळतात आणि त्यांना ऐकू येत नाही. मी मनोमन हात जोडले. एवढं अवघड काम, आणि ह्या बाई ते मुरंबा ढवळत ढवळत करताहेत.

२६ सप्टेंबर

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

तुर्गुनोय मावशी पुन्हा आली. पुन्हा गाठोडं. मी चहा दिला आणि नेहमीप्रमाणे ओयी म्हणाल्या, "गौहर, जरा गाजरं..." मी निघाले. स्वयंपाकघरातून जाताना पाहिलं तर गाठोडं फळीवर तसंच पडलेलं. म्हटलं, पुन्हा विसरल्या! एवढ्या हुशार बाई आणि पाहुण्यांपुढे अशी हयगय. मी गाठ सोडली, मोठी थाळी घेतली, नान मोडून तुकडे छान रचले, मधे द्राक्षं ठेवली. थाळी घेऊन अंगणातून जात होते, तर मुहय्यो खिडकीतून दोन्ही हात हलवायला लागली. मला वाटलं, हिला तुकडा हवाय. मी मानेनेच सांगितलं, थांबा, उरलं तर देते.

थाळी जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या कापडावर, दस्तरखानावर, ठेवली.

तुर्गुनोय मावशीने थाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड असं फुललं की सोन्याचे सगळे दात दिसले. "मुबारक असो, विहीणबाई!" ती म्हणाली आणि तिने तळवे वर उचलले. "अल्ला ह्या जोडीला..."

आतल्या खोलीतून मुहय्योचा हुंदका ऐकू आला. काय झालंय ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. फक्त ओयींचा चेहरा दिसला. तो मी कधी तसा पाहिला नव्हता.

पण ओयी त्या ओयीच. त्यांनीही तळवे उचलले आणि मावशीचा शब्द मधेच उचलून घेतला. "अल्ला आधी आपल्या गेलेल्यांना जागा देवो, तुर्गुनोयखोन. त्यांना विसरून कसं चालेल?" आणि त्या आपल्या सासऱ्यांपासून सुरू झाल्या. सासरे झाले, सासूबाई झाल्या, चुलतसासरे, त्यांचा तरणाताठा गेलेला मुलगा, शेजारचे म्हातारे, मशिदीचे जुने इमाम. मावशी दर वेळी "ह्या जोडीला" म्हणायला तोंड उघडायची आणि दर वेळी आणखी एक मेलेला माणूस आडवा यायचा. तिचे वर धरलेले हात दुखून खाली यायला लागले. शेवटी ओयी तिच्या स्वर्गवासी नवऱ्यावर आल्या; तो कसा हसायचा, सणाला मुलांसाठी खिशात मिठाई कशी ठेवायचा ते त्यांनी देवाला सांगितलं. मावशी खरोखरच रडली. "ओमीन," ओयी म्हणाल्या. दुवा जोडीसाठी सुरू झाली होती, ती मेलेल्यांसाठी संपली, आणि मेलेल्यांची दुवा झाल्यावर कुणी लग्नाचं बोलत नाही.

मावशी डोळे पुसत उठली. पण जाताना थाळीतली अर्धी नान तिने रुमालात बांधून घेतली. "ही मुलाच्या घरी."

ती गेल्यावर मुहय्योने मला सांगितलं. मुलाकडच्यांनी आणलेली नान मुलीच्या घरी मोडली की मुलगी दिली. मोडली नाही, तशीच परत केली, तर नाही दिली. म्हणून तर ओयींनी गाठोडं तसंच ठेवलं होतं.

"तीन वर्षं इथे राहून हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, वहिनी?" मुहय्यो म्हणाली. रागावली नव्हती, रडत होती.

"कोण सांगणार? सोयरिकीच्या गोष्टी निघाल्या की मी गाजरांपाशी असते."

२७ सप्टेंबर

सकाळी ओयींची माफी मागायला गेले. कसंबसं म्हटलं, "ओयी, काल मी ती नान..."

"नान शिळी होती का हो?" त्यांनी विचारलं.

"जराशी."

"मग हात दुखला असेल मोडताना. थांबा, तेल आणते."

त्यांनी तेल आणलं, माझं मनगट चोळून दिलं. तेल लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माफी मागायची राहूनच गेली.

२ ऑक्टोबर

सगळ्या मोहल्ल्याला कळलंय. तुर्गुनोय मावशीने अर्धी नान रुमालातून दारोदार फिरवली असणार. बायका अभिनंदनाला येतात. ओयी त्यांना म्हणतात, "तुमच्याही घरी शुभकार्यं होवोत." हो नाही आणि नाहीही नाही. शिंपीणबाईने विचारलं, "तारीख ठरली का?" ओयी म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या भिंतीचं काय झालं हो?" आपणहून ती भिंत विचारली! सगळी ऐकून घेतली, पायापासून. ह्याहून मोठा त्याग मी पाहिलेला नाही.

पण खरं लिहायचं तर मला आता भीती वाटते. ओयी रिश्तोनला भावाकडे जाऊन आल्या. सल्ला काही मिळाला नाही, कबुतरांची जोडी मिळाली. ओदिलला मालकाने मिठी मारली आणि गरम कढयांवरून काढून सावलीतलं काम दिलं. तो म्हणतो, ह्यापेक्षा हात भाजलेले बरे. मुहय्योची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. ती म्हणते, "आई सांगेल ते मी करीन." रडली असती तर बरं वाटलं असतं.

बोलण्यातून सुटता येतं. मोडलेल्या नानेतून कसं सुटणार? आणि हे सगळं माझ्या हाताने झालंय. दिवसभर मी माझ्या हातांकडे बघत असते.

५ ऑक्टोबर

आज तुर्गुनोय मावशीबरोबर मुलाची आई मस्तुराखोन स्वतः आली. बारीक, फिकट बाई. बसल्या बसल्या दस्तरखानाची सुरकुती बोटाने सरळ करत होती. मावशीच्या तोंडाचा पट्टा चालू होता, मंडप, पाहुणे, पुलावाच्या कढया. मस्तुराखोनने मधेच विचारलं, "सलोमतखोन, नान तुम्ही मोडलीत?"

"घरची नान, घरच्यांनी मोडली," ओयी म्हणाल्या.

"घरच्यांपैकी कुणी?"

"गौहर," ओयी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा गाजरं बघून येता का?" इतकं सगळं झालं, तरी त्यांना माझी लाज वाटायची थांबली नाही, असं मनात आलं. मी उठले.

"सूनबाईंना राहू द्या," मस्तुराखोन म्हणाली. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"अगं मस्तुरा, ते काय आता..." मावशी गडबडली. तिने बहिणीला हे सांगितलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"एकही नाही," मी म्हटलं. मला दुसरं काही बोलता येत नाही.

मस्तुराखोनने पेला खाली ठेवला. "माझ्या मुलाचं एक लग्न मोडलंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भीतीच होती. "दुसऱ्या वेळची नान लेकुरवाळ्या बाईने मोडायला हवी. रिकाम्या ओटीच्या हाताने मोडलेली नान मी धरत नाही. ती मोडलीच नाही असं समजा. कुणाचा कुणावर राग नाही, आपली माणसं तशीच आपली. सलोमतखोन, तुम्हीही असंच समजता ना?"

मला आधी ते शब्द लागलेच नाहीत. मला फक्त दार दिसलं, सताड उघडं! ओयींना एक अक्षर बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं, की मुहय्यो फरगान्याला, ओदिल कारखान्यात, मोहल्ल्यात गोडी. आणि सगळा दोष माझ्या हातांचा, जे नाहीतरी दोषीच होते. इतका सोपा काढता पाय ओयींना आयुष्यात मिळाला नसेल. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. मी मान हलवली. हो म्हणा, ओयी, हो म्हणा.

ओयींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मस्तुराखोन," त्या म्हणाल्या, "नान मोडली आहे. माझ्या सुनेने मोडली आहे. तीन वर्षं ह्या घरचा तंदूर तिच्या हाताने पेटतो आणि तिच्या हातची नान आम्ही सगळे खातो. तिच्या हाताला काही कमी असेल तर आम्हाला कुणाला ते दिसलं नाही. नान मोडली नाही असं मी म्हणणार नाही."

"मग झालं तर!" तुर्गुनोय मावशी उसळून म्हणाली. "मोडली म्हणजे सोयरीक झाली!"

"नाही," ओयी म्हणाल्या.

मावशीला ऐकू आलं नसावं. निदान तिने तसं तोंड केलं. "काय म्हणालात?"

"नाही म्हणाले. मुलगी मी देत नाही. तिची इच्छा नाही आणि माझीही नाही." पहिल्यांदा तो शब्द त्यांनी जपून उच्चारला होता. दुसऱ्यांदा सोपा गेला.

ना दुवा, ना ओमीन. दोघी उठल्या, जोडे घातले आणि गेल्या. ओयी फाटकापर्यंत पोचवायला गेल्या नाहीत. त्या दस्तरखानापाशीच बसून राहिल्या, आणि चहाचा पेला मला त्यांच्या तोंडाला लावावा लागला.

८ ऑक्टोबर

मुहय्यो काल फरगान्याला गेली. बसच्या खिडकीतून ती हसत होती.

ओदिलचं काम गेलं. मालक रागावला नाही, आवाज चढवला नाही, हे अहोजाहोचं गाव आहे. म्हणाला, "ओदिलजोन, किती वर्षं तुम्ही आमच्यासाठी खपताय, हात भाजून घेताय. आता जरा विश्रांती घ्या." आणि फाटकापर्यंत पोचवायला आला. ओदिलने घरी येऊन ते हुबेहूब करून दाखवलं आणि आम्ही हसलो. कोकंदला एक रंगारी त्याच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे सोमवारी जाऊन बघणार म्हणतो. नाही का म्हणालात, असं आईला त्याने एका शब्दानेही विचारलं नाही. मला विचारायचंच होतं.

संध्याकाळी ओयी पीठ मळत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "ओयी, तुम्ही नाही का म्हणालात? गप्प बसला असतात तरी पुरलं असतं."

"पीठ जरा घट्ट झालंय," ओयी म्हणाल्या. "पाणी..."

"पाणी नंतर. आज निसटायचं नाही."

कुणी त्यांच्याशी असं बोलत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिठाकडे पाहिलं.

"गप्पच बसणार होते," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं, 'तुमची मर्जी, मस्तुराखोन.' मुलगी सुटत होती, मुलाचं काम राहत होतं. तुमचं काय, तुम्हाला मी नंतर काहीतरी बोलून समजावलं असतं. मला येतं ते." त्या थांबल्या. "मग तुमच्याकडे बघितलं. तर तुम्ही दारात उभ्या राहून मान हलवत होतात. रागावला असतात, रडला असतात, तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तुम्हाला ते कबूल होतं. माझ्या घरात तीन वर्षं राहून तुम्हाला ते कबूल होतं."

तीन वर्षं मी समजत होते की ह्या बाईंना माझी लाज वाटते, म्हणून त्या मला गाजरांकडे पाठवतात.

मी जाऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि मोठ्याने रडले, आमच्याकडे रडतात तशी, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. ओयी पिठाने भरलेले हात बाजूला धरून उभ्या होत्या, माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून. फाटकावर कुणीतरी हाक मारली, ओसरीवर किटली उकळून उतू गेली. त्या कुठेही गेल्या नाहीत.